भिंत ठीक आहे

कॅनडा कॉर्नरच्या ऑफिसातून केतकी निकुंभ आली,
दगूनानांच्या ओट्यावर लॅपटॉप उघडून बसली.
डोळ्यांच्या दवाखान्याची जाहिरात.
पेठ रोडला, मार्केट यार्डाच्या अलीकडची ती लांब भिंत,
तिच्यावर पाच शब्द:
भिंत ठीक आहे. डोळे तपासा.
फक्त, ती म्हणाली, अक्षरं धूसर हवीत.
फ्लेक्सवर केलं तर वाटतं छपाई बिघडली.
ब्रशनं केलं तर लोक थांबतील.

नानांनी लॅपटॉपकडे न बघता विचारलं,
रंग कुणाचा?

ती गेल्यावर मात्र उखडले.
"चाळीस वर्षं कड धरायला शिकलो.
'ठ'चं पोट कसं, जेवून उठलेल्या माणसासारखं हवं.
आणि ही म्हणते पुसट करा.
तौफिक, मी सरळच लिहिणार.
पुसट तिनं काय ते मशीनमध्ये करावं."

अकरा वर्षांत आम्ही लिहिलं काय होतं?
ट्रॅक्टरच्या मागे मुलांची नावं,
'चपला येथे काढाव्यात',
द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजवर 'धूम्रपान निषेध'.
बाकी सगळं फ्लेक्सनं नेलं,
वाढदिवसाच्या चेहऱ्यांसकट.

जानेवारी. रंग डब्यात थिजलेला.
मी घमेल्यात निखारे घेऊन डबा शेकत बसलो.
नानांनी निळीची दोरी ताणली, चिमटीत धरून सोडली.
टण्ण.
रेघ अशी, की तिच्यावरून मुंगीनं चालावं.
मग ब्रश.
रेघेच्या दोन बोटं वर. मग दोन बोटं खाली.
रंग कडेपाशी येऊन दुधासारखा उतू जात होता
आणि ते मान तिरकी करून, श्वास धरून
तीच कड पुन्हा पुन्हा घासून काढत होते.
"आलं ना धारेवर?"
मी शिडी धरली होती.
आलं, म्हणालो.

कोपऱ्यातला दवाखान्याचा नंबर मला दिला.
बारीक काम आहे, म्हणाले, तुझा हात बसेल.

तिसऱ्या दिवशी टोमॅटोचे पिकअप थांबायला लागले.
ड्रायव्हर आधी काच पुसायचे, मग डोळे, मग हसायचे.
केतकी भिंतीसमोर उड्या मारत होती:
"काय धूसर केलंय काका! एक कड नाही कुठं!"
घरी येईपर्यंत नाना हसत होते.
"एवढं ठसठशीत लिहिलं, पोरीला पत्ता नाही.
वर पैसे दिले.
हिचेच डोळे तपासायला पाहिजेत."
भज्यांचा पुडा घेतला.
मी चार खाल्ली, पाचवी हातातच राहिली.

मग सिंहस्थाची तयारी आली. भिंतीवर चुना.
चुन्यावर घाट आणि उड्या मारणारे मासे काढायला
कॉलेजची पोरं आली, कानात गाणी घालून.
नाना त्यांच्यात शिरले, कुणी हटकलं नाही.
वाळल्या जागी तळवा ठेवला.
जुना रंग चुन्याखालूनही हाताला लागतो.
तसे चाचपत चालत गेले, भिं, मग त,
'ठी'पाशी थांबले.
बोट पुढे. मागे. परत पुढे.
पोटाची कड शोधत होते.

बराच वेळ.
शेजारी एक पोरगी माशाला डोळा काढत होती.

"खालचा नंबर तू लिहिला होतास."
हो.
"पाठ असेल तुला."
मी सांगायला लागलो, नऊ, चार, दोन...
ते खिशात पेन चाचपत होते.