बसवलं आहे, सुरू नाही

पॅम्पोलच्या गोदीत नऊ होड्या दुरुस्तीला
आणि नऊही माझ्या पडद्यावर:
प्रत्येक होडीचा एक प्रकल्प, प्रत्येक फळीचं एक काम,
कुणी करायचं, कधीपर्यंत, किती उरलं.
समुद्र तेवढा त्यात नव्हता.
तो भिंतीवर होता, छापील कोष्टकात,
खिळ्याला टांगलेला, कॉफीचे डाग पडलेला.

मार्चच्या सुरुवातीला 'कोरिगान' पाण्यात सोडायची तारीख मी दिली,
ती निघाली भांगाची.
पाणी आलं, उतरणीच्या चौथ्या पायरीशी थबकलं
आणि परत गेलं.
मालक रेनहून आला होता. बायको, दोन मुलं, शँपेन.
गुलवेन मला काही बोलला नाही,
रंध्याच्या पात्यावरून अंगठा फिरवत राहिला.

म्हणून त्या रात्री शोधलं
भरती-ओहोटी कामाशेजारी दाखवणारं प्लगइन.
एकच सापडलं. लिहिणारा गानझोरिग, गाव उलानबातर.
माहितीच्या फायलीत शेवटची ओळ:
'मी समुद्र पाहिलेला नाही.
चूक दिसली तर कळवा, रागावू नका.'

आधी बॅकअप. दुधाने पोळलेली आहे मी.
मग त्याचं फोल्डर उचलून प्लगइनच्या फोल्डरात,
डेटाबेसला सांगितलं, तीन नवे तक्ते मांड,
सर्व्हर बंद,
सर्व्हर चालू.
मधल्या चाळीस सेकंदांत नऊ होड्या कुठेच नव्हत्या.
खिडकीबाहेर होत्या म्हणा,
दोऱ्या डोलकाठ्यांवर टणटण आपटत होत्या.

यादीत नाव आलं. आवृत्ती शून्य पूर्णांक चार.
गंगेत घोडं न्हालं म्हणत 'कोरिगान' उघडली
तर आत कोरडं ठणठणीत.
लॉग चाळले. पुन्हा बंद, पुन्हा चालू.
गानझोरिगला मनातल्या मनात दोन शिव्या.
एक वाजता डोक्यात उजेड पडला:
बसवणं वेगळं, सुरू करणं वेगळं.
पाहुणा दारातून आत आलाय,
ओट्यावर बसून आहे,
कुठल्याच खोलीतून 'या' म्हटलेलं नाही कुणी.
तर एकेका होडीत जायचं, सेटिंग्ज, मॉड्यूल,
चौकटीत खूण, जतन करा.
नऊ वेळा.
सुतारांना ते दिसावं याची परवानगी पुन्हा निराळी,
ती मी सकाळी दिली, कॉफीनंतर.

गुलवेनने कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला,
पडद्याकडे पाहिलं,
मग खिडकीतून धक्क्याच्या भिंतीकडे,
जिथे शेवाळाची ओली रेघ असते.
'एक तास चुकलाय, सुआझिग.'
चुकलाच होता. प्लगइनचं घड्याळ ग्रीनिचचं.
मी एक आकडा बदलला,
समुद्र जागेवर आला.

पण तो जाईना.
टोपी काढली, आतली पट्टी पाहिली, परत घातली.
'माझीही टाक.'
शेडच्या मागे, ताडपत्रीखाली, बावीस वर्षं ती.
तिच्याबद्दल आम्ही बोलत नाही.
नावाची चौकट रिकामी सोडता येत नाही,
म्हणून मी 'गुलवेनची' असं लिहिलं.
'पुसू नकोस,' म्हणाला, 'नंतर बघू.'
कामं किती उरली, विचारलं.
तो उभ्याउभ्या मोजायला लागला,
मणका, बरगड्या, डावीकडची कुजलेली फळी,
दुपारचं जेवण राहिलं.
चौऱ्याहत्तर.
दहाव्या चौकटीत खूण केली.
खाली प्लगइनने आपणहून लिहिलं:
पुढचं मोठं उधाण, सप्टेंबर.
त्याने ते दोनदा वाचलं.
'या सप्टेंबरात नाही,' म्हणाला,
आणि रंधा घेऊन निघून गेला, शेडच्या मागच्या दाराने.

रात्री गानझोरिगला कळवलं:
एका तासाचा फरक आहे, घड्याळाचा.
बाकी समुद्र बरोबर आहे.
उत्तर आलेलं नाही.
तिकडे आत्ता कुठे उजाडत असेल.