मुकी शेंग

ताडपत्री उचलली तेव्हा आतून वाफ आली,
पातेल्यावरचं झाकण काढावं तशी.
तीन दिवस आभाळ भरलेलं,
म्हणून उपटल्या-उपटल्या झाकल्या शेंगा,
आणि झाकलं म्हणजे राखलं
असं समजून झोपलो.

कस्तुराबाईनं ढिगात हात घातला कोपरापर्यंत,
लेकराचा ताप बघावा तसा.
मूठभर काढल्या, कानाशी हलवल्या.
"शेंग बोलस, भाऊ.
वली शेंग मुकीच ऱ्हास."
मीही कान लावला.
मुक्या होत्या.

चोपड्याला बाजार समितीत यंत्र आहे,
पेलाभर दाणे ओतले की आकडा सांगतं.
आठ आला तर पोती शिवा.
माझा आला सोळा.
निंबा आप्पांनी काच पुसली, पुन्हा ओतले.
सोळाच.
"यंत्राला तुझी घाई दिसते," म्हणाले,
आणि पुढच्याला हाक मारली.

मग खळं, आणि आठवडाभर ऊन.
दोन बोटांचा थर, त्याहून जाड नाही.
दुपारी उलथायच्या,
अनेरवरून गारवा सुटायच्या आत
गोळा करून घरात.
पोती भिंतीपासून हातभर लांब,
खाली लाकडाच्या फळ्या,
म्हणजे जमिनीला त्यांच्याशी बोलता येऊ नये.

फोडलेले दाणे सुपात.
कस्तुराबाईची बोटं थांबतात
सुरकुतलेल्यावर, काळपटावर,
आणि एखाद्यावर हिरवट-पिवळी भुकटी,
शेवाळ वाळून उडावं तशी.
बाजूला टोपलं भरत गेलं.

घाणीवाला सुपडूशेठ टोपल्यापाशी उकिडवा बसला.
"हे मला द्या. तेलात काय कळतंय?
पेंड तर ढोरं खातात."
कस्तुराबाई काही बोलली नाही.
गोठ्यात गाय होती, आठवड्याची व्यालेली,
तिच्याकडे पाहत राहिली फक्त,
इतका वेळ
की सुपडूशेठनं चप्पल घातली.

लिंबाखाली गुडघाभर खड्डा खणला मी.
टोपलं उलटं केलं.
सोळा किलो असावेत. मोजले नाहीत,
आकडा आपोआप तोंडात आला.

पौषात शेतावर भरीत झालं.
वांगी काट्यांवर भाजलेली, कांद्याची पात,
कळण्याची भाकर,
आणि माझेच दाणे, मूठ-मूठ.
सगळे हसत होते कशावरून तरी.
चौथ्या घासाला एक दाणा कडू लागला,
खवट नव्हे, कडू,
त्या तीन दिवसांतला कुठला तरी एक
जिभेवर फुटलेला.

उठून बांधापलीकडे थुंकलो.
चूळ भरली दोनदा.
परत आलो तेव्हा कस्तुराबाई
माझ्या ताटातले उरलेले दाणे
एकेक करून
उजेडात धरून बघत होती.