एका पायावर

मंगळवारी नि शुक्रवारी, साडेनवाला,
मासळीच्या जुन्या डबाबंद कारखान्यात.
आता इथे लाकडी फरशी आहे,
भिंतीला कठडा, कठड्याला आम्ही बारा जण:
अकरा बायका आणि एक एउरिको,
जो म्हणतो, मी फक्त सूपसाठी येतो.

याच खोलीत मी चौदाव्या वर्षी उभी राहिले
सार्डिनची डोकी खुडत.
एक शेपटीकडून, एक मानेकडून,
डब्यात चार. बारीक निघाले तर पाच.
तेव्हा बसायला बंदी होती.
आता खुर्च्या मांडल्यात
आणि त्यांवरून उठायला शिकवतात.

हात छातीवर. पाचदा उठा, पाचदा बसा.
योलांदा घड्याळ धरते. नातीच्या वयाची पोरगी,
पण आवाज आमच्या जुन्या मुकादमिणीचा.
सप्टेंबरात मला एकोणीस सेकंद लागले होते,
आज तेरा.
मांडीत काहीतरी पेटतं, कुरकुरतं,
बंद बॉयलरमध्ये कुणी काडी टाकावी तसं.

हाड मूर्ख नसतं, दोना देओलिंदा, ती म्हणते,
भार टाकला की त्याला कळतं
आपण अजून लागतो कुणाला तरी.
म्हटलं, मग ते माझ्या नवऱ्यावर गेलेलं नाही.

हाडाच्या फोटोत माझा खुबा
विरलेल्या जाळ्यासारखा दिसला.
पोरगा रडवेला झाला. मी नाही.
जाळी मी शिवलीत.
नवं कोरं होत नाही ते कधीच,
पण रोज चार गाठी मारल्या
तर मासा अडकण्याइतकं राहतं.

मग चालायचं, आणि चालता चालता
शंभरातून सात-सात काढायचे.
त्र्याण्णव. शहाऐंशी.
इथे बहुतेकांचे पाय थबकतात,
जसं काही डोकं नि पाऊल
एकाच ताटात जेवतात आणि घास एकच आहे.
एकोणऐंशीला मी मुद्दाम थांबते.
ते माझं वय. त्यातून सात काढायचे तर
कोणते काढू, हे ठरवायला वेळ लागतो.

झुल्मिराला शहाऐंशीही येत नाही.
परवा ती माझ्या दारात उभी राहून
मलाच तिच्या घराचा पत्ता विचारत होती.

आज योलांदा म्हणाली: कठडा सोडा,
एक पाय वर, आणि माशांची नावं सांगा.
मी सात सांगितली नि कोलमडले.
एउरिकोने तीन, त्यात एक शिंपला.
झुल्मिराने पाय उचलला.
सार्डिन, म्हणाली. बांगडा. वाम.
मग जरा थांबून: साओ टेल्मो.
दोइश इर्माओश. एश्त्रेला दा बार्रा.
या होड्या होत्या.
त्या हिवाळ्यात न आलेल्या.
मग बेल्मिरो, अडेलिनो, जासिंतो,
आणि जासिंतोचा धाकटा,
ज्याचं नाव कुणालाच नीट माहीत नव्हतं,
सगळे त्याला चिमणा म्हणत.

एउरिकोने टोपी काढली.
कुणी म्हणालं नाही, अगं, हे मासे नव्हेत.
योलांदाच्या हातात घड्याळ चालत राहिलं,
चाळीस, एक्केचाळीस,
आणि झुल्मिराचा उजवा पाय
फरशीपासून वीतभर वर,
जणू धक्क्यावरून होडीत टाकायचाय
आणि होडी जरा हलतेय.

नंतर योलांदा कागद घेऊन माझ्याकडे आली.
तोल: एक्केचाळीस. मासे: तीन.
बाकीचं कुठे लिहू?
मी म्हटलं, राहू दे, त्याला रकाना नसतो.
ती पेन तोंडात धरून बराच वेळ उभी होती.

जेवणात कोबीचं सूप, उकडलेलं अंडं,
डब्यातली सार्डिन. काट्यांसकट खायची,
काटा म्हणजेच हाड, योलांदा रोज सांगते.
झुल्मिराने बशीतल्या चारही उचलल्या
आणि लावल्या: एक शेपटीकडून, एक मानेकडून.
मग पाचवी मागितली. बारीक आहेत, म्हणाली.
मी माझ्यातली दिली.

चढावर तिचा हात धरला तेव्हा तिने विचारलं,
उद्या आहे का गं?
नाही, शुक्रवारी.
मी तर एका पायावर तयार आहे, ती म्हणाली,
आणि कोपऱ्यावर डावीकडे वळली,
स्वतःच्या घराकडे, न विचारता.