रकाना नऊ

बंडगार्डन रस्त्यामागच्या त्या बंगल्यात
झाडं मोजायला गेलो तेव्हा भादवा सरत आला होता.
पूर्वी हातात रंगाचा डबा असायचा, आता टॅब;
पण छातीच्या उंचीवर टेप गुंडाळताना
झाडाला कवळ घालावीच लागते,
ते काही बदललेलं नाही.

अरोकेरिया. मजल्यांवर मजले, अशा फांद्या.
घेर दोनशे अकरा सेंटिमीटर.
रकाना नऊ : जात धोक्यात आहे काय?
होय. यादीत आहे.
त्याच्या बेटावर म्हणे थोडीच उरलीत.
कॅम्पात मात्र सगळे त्याला नाताळचं झाड म्हणतात,
आणि संध्याकाळी त्यावर घारी उतरतात.

‘पाय जपून!’
बुंध्याशी एक मुलगी पालथी पडलेली,
डोळ्याला भिंग.
खोर्शेदबाईंची भाडेकरू, निलोफर अत्तार, सांगोल्याची.
‘काही हरवलंय का?’
‘हरवलं नाही. सापडलंय.’

करंगळीच्या नखाएवढी अळंबी.
रंग दुधाळ चहाचा, देठ शिवणाच्या दोऱ्याइतका.
या झाडाच्या गळलेल्या खवल्यांवरच येते,
सहा वर्षांत तिसऱ्यांदा,
आणि दुपारी बारापर्यंत विरघळून जाते.

‘नाव काय हिचं?’
‘अजून नाही.’

नाव नाही म्हणून यादीत नाही,
यादीत नाही म्हणून धोक्यात नाही.
मी मान डोलावली, सरकारी माणसाला हे लगेच कळतं.

वर पाहिलं तर मान दुखेपर्यंत झाड,
खाली पाहिलं तर काहीच नाही,
आणि मग गुडघे टेकल्यावर, आहे.

बंगला पाडायचा अर्ज आला आहे.
झाडासाठी रकाना आहे : पुनर्रोपण. क्रेन येईल,
मुळं गोणपाटात बांधतील,
फोटो काढतील.
‘ही नुसती फळं,’ ती म्हणाली,
‘खरी ती खाली पसरलीय. किती, ते मलाही माहीत नाही.’
टेप माझ्या हातात तशीच लोंबत राहिली.

दहा सेंटिमीटरखालचा घेर टॅब घेत नाही.
शेऱ्यात लिहिलं : बुंध्याशी जपून चालावे.

रात्री धनकवडीत, दाराबाहेर बूट काढताना
तळव्याला चिकटलेला एक खवला निघाला,
ओलसर, पातळ पंखाचा.
दोन्ही डबे समोर होते.
ओल्यात टाकू की सुक्यात,
बराच वेळ
ठरेना.