चिकटपट्टी

थोकोझानी सोमवारी आली, मलावीहून.
दोन विमानं, मग मुंबईहून रात्रीची शिवशाही,
आणि पहाटे द्वारकेला उतरून
रिक्षावाल्याला कागदावरून वाचून दाखवलेलं
'सातपूर, आयटीआय सिग्नल.'
आठ आठवड्यांची इंटर्न.
पत्रात तिचं काम लिहिलेलं:
नवजात बाळांच्या उपकरणांचे मूल्यमापन.
आमच्या शेडमध्ये त्याला म्हणतात
आलेलं खोकं उघडणं.

मला वाटलेलं, पोर फोटो काढेल,
चहा पिईल, सोमेश्वरचा धबधबा बघून परत जाईल.
तिचा पहिला प्रश्न, बाथरूम कुठंय.
दुसरा, अर्थिंग कुठंय.
तेव्हाच मी माझा पिवळ्या मुठीचा पेचकस,
जो सख्ख्या भाच्यालाही देत नाही,
तिच्या टेबलावर नेऊन ठेवला.

पेठच्या दवाखान्यातून वॉर्मर आला होता,
टेम्पोत, टोमॅटोच्या रिकाम्या क्रेटांना बांधून.
तिनं मागचं झाकण खोललं.
आत पाल. वाळून कागद झालेली,
बोर्डावर आडवी, शेपटीकडे जळकी.
किंचाळली नाही. चिमट्यानं उचलली, नाव विचारलं.
पाल, मी म्हटलं.
पाल, ती म्हणाली, आणि हातवाऱ्यांनी सांगितलं
की त्यांच्याकडे झुरळं शिरतात.
सोयरीक जुळवताना दोन घरं बोलतात ना,
तसं वाटलं मला.

मग तिला ती दिसली,
अलार्मच्या छिद्रांवरची चिकटपट्टी.
जखमेला लावतात तीच, तीन थर,
कडा काळ्या, कुणीतरी नखानं
पुन्हा पुन्हा दाबलेल्या.
तिनं वहीत लाल शाईनं लिहिलं:
अलार्म झाकला आहे. धोकादायक.
खाली दोन रेघा.
मी गप्प. बावीस वर्षांत
मीही हेच लिहीत आलोय, फक्त निळ्या शाईनं.

गुरुवारी वॉर्मर घेऊन आम्हीच पेठला गेलो.
सावळघाटात ती खिडकीला डोकं टेकून झोपली.
बागूल सिस्टर दारातच भेटल्या,
नव्या पोरीकडे बघितलं,
मग कोऱ्या जाळीकडे. पट्टी आम्ही सोलून काढलेली.
'काढलीत?
अहो गांगुर्डे, रात्रीतून दहादा लाईट जाते-येते.
दर वेळी हे बोंबलतं.
चार बाळं, मी एकटी.
याच्या बोंबेत एखादं कण्हलं
तर मला कसं ऐकू यायचं?'

थोकोझानी माझ्याकडे बघायला लागली.
माझं इंग्रजी मॅन्युअलमधलं.
व्होल्टेज आहे त्यात, फ्यूज आहे, सेन्सर आहे,
कण्हणं नाही.
म्हणून मी कण्हून दाखवलं.
बावन्न वर्षांचा माणूस, खिशाला टेस्टर लावलेला,
वॉर्डाच्या मधोमध,
ऊंऽ, अगदी बारीक,
दम लागलेलं बाळ करतं तसं.
एक बाळंतीण तोंडाला पदर लावून हसली.
थोकोझानी हसली नाही.
खाटेजवळ गेली, वाकली,
आणि बराच वेळ नुसती ऐकत राहिली.

वहीतली लाल ओळ तिनं खोडली नाही.
खाली पेन्सिलीनं तीन थरांची मापं लिहिली,
एक इंच रुंदी, आणि पुढे प्रश्नचिन्ह.
परतीच्या वाटेवर शब्द नाही.
व्होल्टेजसाठी काहीतरी करता येईल,
किंवा आवाजासाठी. मलाही नीट सुचलेलं नाही अजून.

रात्री मिसळीच्या टेबलावर तिला फोन आला.
आई असणार, आवाजच तसा मऊ झाला.
त्यांची भाषा मला कुठली कळायला,
पण मधूनच ओळखीचं काही यायचं:
नाशिक. पाल. गान-गुर-दे.
मग ती थांबली. इकडेतिकडे बघितलं,
फोन तोंडाशी अगदी जवळ धरला,
आणि आईला
कण्हून दाखवलं.

तर्री निवत होती.
मी तिचाही पाव खाल्ला.