चार बाटल्या

डॉक्टरांनी चिठ्ठीवर गोळी लिहिलीच नाही.
गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी.
चार तेलं, सकाळ-संध्याकाळ,
प्रत्येकी वीस सेकंद नाकाशी.
"नाकाला पुन्हा शाळेत घाला," म्हणाले,
आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

रबाळ्याच्या कंपनीत एकतीस वर्षं
दादा नुसतं बूच उघडून सांगायचे
कुठल्या पिंपात काय, आणि किती जुनं.
त्या तापानंतर सगळंच पाणी.
गॅस उघडा राहिला तेव्हा शेजारची प्रमिला धावत आली;
दादा ओट्याशेजारी स्टुलावर पेपर वाचत होते.

गोठिवलीत, तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत
मी कापसाचा बोळा धरते, मोबाईलवर सेकंद मोजते.
"लवंग आठवा," सांगते, "दाढ दुखायची तेव्हाची."
ते डोळे मिटून आज्ञाधारक श्वास ओढतात,
मिशीचे पांढरे केस हलतात.
वहीत फुली.
फुली.
श्रावणभर फुल्या.

दिवाळीनंतर एका सकाळी म्हणाले, "गुलाब. आला."
मग रोज येऊ लागला. पाठोपाठ लिंबूही.
मला नको ती शंका आली.
रिकाम्या बाटलीत नळाचं पाणी भरलं,
त्यात नवा बोळा भिजवला.
"गुलाब," दादा म्हणाले, "आज जरा जास्तीच."
मी वहीत बरोबरची खूण केली,
आणि हात धुताना नळ बराच वेळ चालू ठेवला.

काल दिवेलागणीला, बाटल्या अजून कपाटातच,
खिडकीशी बसलेल्या दादांनी मान वर केली.
"सुकती लागली गो. चिखल उघरा परला."

खाडी कुठल्या कुठे,
सेक्टरांच्या, टॉवरांच्या, पामबीचच्या पलीकडे.
मी कॅलेंडर पाहिलं : बीज.
लहानपणी त्यांनीच बोटांवर शिकवलेला हिशेब,
तिथीची पाऊणपट.
दीडला भरती, साडेसातला पार ओहोटी.
घड्याळात सव्वासात.

पण तिथी त्यांनाही ठाऊक होती.
पाऊणपट तर त्यांना झोपेतही येते.

"तुला नाय येत वास?"

मी खिडकीच्या गजांना नाक लावलं.
बोटांना सकाळची लवंग,
खालून कुणाच्या तरी कढईतला लसूण.
"येतोय की," मी म्हटलं
आणि मनात वीसपर्यंत मोजत
तशीच उभी राहिले.