मधले अकरा सेकंद

भोसरीत, सेक्टर दहाला, पत्र्याच्या शेडमध्ये
आम्ही ते बांधलं.
दोन पंख, पंखांच्या टोकांना दोन पंखे.
पंखे आभाळाकडे तोंड करून उचलणार,
मग हळूहळू पुढे कलणार
आणि उचलण्याचं काम पंखांवर सोपवून
नुसते ओढत राहणार.
इतकं सोपं, असं तहसीन इनामदार सांगायची
वडापावच्या कागदावर बाण काढून.

मी लेथवरचा गव्हाणे. बत्तीस वर्षं.
मला बाण कळत नाहीत, दाते कळतात.
कलवणारा गिअर मी कापला, बोटाच्या पेराएवढा.
दोनदा टाकून दिला. तिसऱ्यांदा
नखाला काही लागेना, तेव्हा पुसून तिच्या हातावर ठेवला.
म्हणाली, मामा, सगळी अडचण मधल्या अकरा सेकंदांची.
तेव्हा पंखे पुरते उचलत नसतात
आणि पंखांना अजून वारा पुरत नसतो.
धड ना हे, धड ना ते.
मी म्हटलं, आमच्या थोरल्याचं तसंच चाललंय
बारावीपासून.
ती हसली नाही. वहीत लिहीत होती.

शिक्रापूरच्या पुढे, हरभरा काढलेल्या रानात,
सकाळी सहाला, वारा उठायच्या आत.
रानमालक धुमाळांना वाटलं, फवारणीचं ड्रोन.
त्यांनी भाव विचारला.

उचललं. सरळ. बाभळीच्या वर जाऊन थांबलं.
तहसीन अंश म्हणू लागली, उतरते:
नव्वद. ऐंशी. सत्तर.
पंचावन्नला आवाज बदलला,
टूल बोथट झालं की होतो तसा. मला पाठीतून कळलं.
नाक खाली. मग डावीकडं.
ती 'चाळीस' म्हणाली तोवर
ते ढेकळांत होतं.

धुमाळ म्हणाले, आता कमी होईल भाव.
कोणीतरी हसलं. मीच असेन.

तुकडे गोणीत भरले. गिअर सापडला,
पॅन्टला पुसला, नख फिरवलं.
एकही दाता गेला नव्हता.
बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही.

ती बांधावर बसून तेच अकरा सेकंद
मोबाइलवर मागे-पुढे करत होती.
सहाव्याला थांबली.
'इथं, मामा. इथं आपण घाई केली.'
स्क्रीनवर अर्धे कललेले पंखे,
खाली धुमाळांचं रान.
पडतंय असं काही दिसत नव्हतं.
उडतंय असंही.

गाडीत तिनं विचारलं, थोरला काय करतो सध्या?
बघतोय, म्हटलं.
गोणी मांडीवर. वाघोलीत, सिग्नलच्या अलीकडे,
पाऊण तास
आम्ही जागचे हललो नाही.